वडिलोपार्जित जमिनीचा लिलाव आणि भाऊबंदकी : ठाणे-नवी मुंबईतले नेहमीचे प्रश्न

ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ या तालुक्यांतली आणि बेलापूर ते ऐरोली-दिघा पट्ट्यातली कुटुंबं जे प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः हिंदू कुटुंबांना धरून आहेत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे. हे वाचून दावा दाखल करायला धावू नका. सातबारा, फेरफार आणि नोटीस वकिलासमोर ठेवा, मगच ठरवा.

जमिनीवर लिलावाची नोटीस लागली आहे. आधी काय करू?

नोटीस नीट वाचा. तिच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे आणि कोणतं कलम लिहिलंय, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. दिवाणी न्यायालयाचा जाहीरनामा असेल तर तो वाटणीच्या दाव्यातला आहे की कुणाच्या तरी पैशाच्या डिक्रीच्या वसुलीचा, ते बघा. बँकेची नोटीस असेल तर त्यात सरफेसी कायदा, २००२ (बँकेला कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) चा उल्लेख सापडेल. पतपेढी किंवा सहकारी बँकेची असेल तर सहकारी संस्था अधिनियमाचं कलम १५६ आणि नियम १०७ दिसेल. तहसीलदाराची असेल तर महसुली थकबाकी.

यातल्या प्रत्येकाला हरकत घेण्याची जागा वेगळी आणि मुदत वेगळी. तहसीलदाराकडे अर्ज देऊन बँकेचा लिलाव थांबत नाही, आणि तलाठ्याकडे तोंडी सांगून तर काहीच थांबत नाही. नोटिशीचा फोटो काढा, ती कुठे आणि कधी चिकटवली ते लिहून ठेवा, तारखेचं वर्तमानपत्र जपा. पुढे "आम्हाला कळलंच नाही" म्हणायचं असो की "नोटीस नीट दिली नव्हती" म्हणायचं असो, हेच कागद लागतात.

एकाच भावाला विकायची आहे. त्याच्या म्हणण्यावरून सगळ्या जमिनीचा लिलाव होतो का?

एकट्याच्या म्हणण्यावरून सहसा नाही. वाटणीचा दावा मात्र कोणीही एक हिस्सेदार लावू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. वाटणीच्या जागी विक्री हवी असेल तर १८९३ चा वाटणी कायदा लागतो. त्याच्या कलम २ प्रमाणे दोन गोष्टी दिसाव्या लागतात. एक, मालमत्तेचं स्वरूप, हिस्सेदारांची संख्या किंवा तसंच काही खास कारण असं आहे की प्रत्यक्ष तुकडे करणं सोयीचं नाही. दोन, विकून पैसे वाटणं सगळ्यांच्या जास्त फायद्याचं आहे. शिवाय ही मागणी करणाऱ्यांचा मिळून निदान आठ आणे, म्हणजे निम्मा हिस्सा हवा.

उदाहरण घेऊ. पाचपाखाडीत ६ गुंठ्यांचा प्लॉट, रस्त्याला एकच तोंड, मागे जुनं बैठं घर. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेला, मृत्युपत्र न करता ते गेले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण, म्हणजे प्रत्येकी चार आणे. धाकट्याने एकट्याने विक्री मागितली तर चार आणेच भरतात. थोरला त्याच्या बाजूला गेला की आठ आणे झाले आणि अर्ज चालण्याजोगा झाला. हाच प्रश्न मुरबाडच्या चार एकर माळाचा असता तर कोर्ट आधी विचारेल, "चार वाटे का पडत नाहीत?" तिथे लिलावाची मागणी टिकवणं अवघड.

आम्हाला लिलाव नको. त्यांचा हिस्सा आम्हीच विकत घेऊ शकतो का?

हो, आणि हे कलम फार कमी लोकांना माहीत असतं. वाटणी कायद्याच्या कलम ३ नुसार कुणी विक्री मागितली की बाकीचे हिस्सेदार म्हणू शकतात, "तुमचाच हिस्सा आम्हाला मूल्यांकनाने द्या." मग कोर्ट किंमत काढून घेतं. वरच्या प्लॉटची किंमत समजा ८ कोटी ठरली, तर बहीण दोन्ही भावांच्या आठ आण्यांचे ४ कोटी भरून त्यांना बाहेर काढू शकते. घेणारे दोघं झाले, म्हणजे बहीण आणि आई वेगवेगळ्या उभ्या राहिल्या, तर ठरलेल्या किमतीच्या वर जी जास्त देईल तिला मिळतं.

लिलावाची धमकी देणाऱ्याने हे दोनदा वाचावं. समोरच्याने कलम ३ चा अर्ज दिला की "नाही, मग मला विकायचंच नाही" म्हणून मागे फिरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय. घोडबंदर रोडच्या जमिनीच्या दरावर डोळा ठेवून विक्री मागणारा भाऊ स्वतःच विकला जाऊ शकतो.

आधी हिस्से ठरतात की आधी लिलाव होतो?

आधी हिस्से. कोर्ट प्राथमिक हुकूमनामा काढतं आणि कुणाचे किती आणे ते जाहीर करतं. मग प्रत्यक्ष वाटप. बिगरशेती जागा, घरं यांच्यासाठी कोर्ट कमिशनर नेमला जातो. सारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, म्हणजे तहसीलदार आणि भूमि अभिलेखची मोजणी. वाटप जमत नाही असा अहवाल आला की विक्रीचा विषय पुढे येतो.

बऱ्याच घरांत प्राथमिक हुकूमनामा कपाटात पडून असतो, तोवर दोन वारस वारतात आणि आठाचे वीस होतात. अंतिम हुकूमनाम्यासाठी मुदत संपत नाही. शिवाय त्यासाठी वेगळ्या कार्यवाहीची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून पुढे जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण मयत पक्षकाराचे वारस रेकॉर्डवर आणायचं काम तुमचंच.

सातबारावर फक्त काकांचं नाव आहे. मग लिलावात आमचा हक्क गेला का?

नाही. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावरून मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. जुने फेरफार काढा. काकांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.पु." असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर किंवा पुढारी म्हणून लागलेले आहेत, एकटे मालक म्हणून नाही. "अ.पा.क." दिसलं तर कुणीतरी तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होतं आणि काका पालनकर्ते होते. संगणकीकृत उताऱ्यावर ही अक्षरं कधीकधी गळालेली असतात, म्हणून हस्तलिखित सातबारा आणि फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायलाच हवी. अशा एखाद्या जुन्या नोंदीवर अख्खा दावा उभा राहतो.

वारस नोंद चुकीची झाली असेल तर तिच्याविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील आहे. पण मालकीचा वाद महसूल खात्यात मिटत नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप चालू असताना कुणी मालकी हक्काचाच प्रश्न काढला, तर तहसीलदारही हात वर करतात आणि दिवाणी कोर्टाकडे बोट दाखवतात. त्यात त्यांचं चूक नाही, कायदाच तसा आहे.

बहिणींना लग्नात दिलं होतं. तरी त्यांचा हिस्सा धरायचा?

धरायचा. लग्नातलं देणं म्हणजे वाटणी नव्हे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर "वडील २००५ च्या आधी वारले" हे कारणही उरलं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी, कोर्टाच्या हुकूमनाम्याची वाटणी किंवा झालेली विक्री मात्र शाबूत राहते.

बहीण स्वखुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. शंभरच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर, "ताई, तू नुसती सही कर" म्हणून घेतलेला कागद लिलावाच्या वेळी उपयोगी पडत नाही. उलट तोच कागद फसवणुकीचा पुरावा म्हणून समोर येतो. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र लागतो. तेवढ्यासाठी नोंदणी टाळणं हा शुद्ध कंजूषपणा.

भावाने पतपेढीचं कर्ज काढलं, फेडलं नाही. आता अख्ख्या जमिनीचा लिलाव लावलाय.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर तीन गोष्टींवर ठरतं.

तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली आहे का? केली असेल तर "जमीन वडिलोपार्जित आहे" हा बचाव फार पुढे जात नाही. गहाणखताच्या शेवटच्या पानापर्यंत वाचा, साक्षीदार म्हणून केलेली सही आणि जामीनदार म्हणून केलेली सही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सही नसेल, तर भावाला स्वतःच्या अविभक्त हिश्श्यापलीकडे गहाण ठेवण्याचा अधिकार होता का? तो कुटुंबाचा कर्ता असेल आणि कर्ज घराच्या गरजेसाठी, म्हणजे आजारपण, लग्न, शेती, जुनं कुटुंबाचं देणं यासाठी घेतलं असेल, तर सगळ्यांचे हिस्से बांधले जाऊ शकतात. ती गरज होती हे दाखवायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर येते. भावाच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी घेतलेलं कर्ज आपोआप कुटुंबाची गरज होत नाही. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या बापाच्या कर्जासाठी मुलावर फक्त "पुत्रधर्म" म्हणून वसुली लागत नाही.

तिसरी गोष्ट, वसुली कुठवर आली आहे? सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला असेल तर त्यावर कलम १५४ खाली फेरतपासणी अर्ज आहे, पण त्यासाठी येणं रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. कर्जाशी संबंध नसलेल्या हिस्सेदाराने नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्याकडे जप्तीवर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी, सोबत दिवाणी कोर्टात हिस्सा जाहीर करून मागावा. भावाचा फक्त हिस्सा विकला गेला तर घेणारा तुमच्यासोबत सहहिस्सेदार होतो. त्याला थेट ताबा मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावायचा. त्यात राहतं घर असेल तर वाटणी कायद्याचं कलम ४ तुम्हाला त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घ्यायची संधी देतं.

शेतजमीन बँक लिलावात काढू शकते का?

सरफेसी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागत नाही. पण सातबारावर "शेती" लिहिलंय आणि जागेवर गोडाऊन उभं आहे, असं भिवंडीत सर्रास दिसतं. तिथे कोर्ट प्रत्यक्ष वापर बघतं, नुसता उतारा नाही. सरफेसी लागत नसेल तरी बँक दिवाणी मार्गाने वसुली करू शकतेच.

सरफेसीत ६० दिवसांची मागणी नोटीस येते, मग ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ऋणवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जायचं. पैसे भरून जमीन सोडवायची असेल तर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी भरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शेवटच्या क्षणी पैसे आणणाऱ्याला तो हक्क राहिलेला नाही. मात्र "मुळात विकणाऱ्या भावालाच माझा हिस्सा विकायचा अधिकार नव्हता" असा मालकीचा वाद दिवाणी कोर्टात चालू शकतो, हे जानेवारी २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झालं आहे.

लिलावात बाहेरचा कोणीही बोली लावू शकतो?

शेतजमिनीत नाही. कूळ कायद्याच्या कलम ६३ मध्ये कोर्टाच्या हुकूमनाम्यातली आणि महसुली थकबाकीची विक्रीही धरलेली आहे, म्हणजे घेणारा शेतकरी हवा किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. कूळ म्हणून मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची अट असते. ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन खरेदी केल्याच्या दाखल्याला) १० वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ती सुटते. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आडवं येतं. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात यातलं काही लिहिलेलं असताना लिलावात पैसे गुंतवणारा पुढची कैक वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

हिस्सेदार स्वतः बोली लावू शकतात. वाटणी कायद्याखालच्या विक्रीत त्यांना अनामत भरण्यातून सूट आणि स्वतःच्या हिश्श्याची रक्कम वजा करून घेण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं. बाहेरच्याची आणि हिस्सेदाराची बोली सारखी झाली, तर ती हिस्सेदाराची धरली जाते.

कोर्टाचा लिलाव झालाच, तर रद्द होतो का?

जाहीरनामा लावल्यापासून निदान १५ दिवस जावे लागतात. बोली पडली की घेणाऱ्याने २५ टक्के तिथल्या तिथे आणि बाकी १५ दिवसांत भरायचे. न भरल्यास विक्री उभी राहत नाही. विक्रीच्या तारखेपासून ६० दिवस तुमच्या हातात. वसुलीची विक्री असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ८९ प्रमाणे जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के भरून ती उलटवता येते. लिलावात घोळ किंवा लबाडी झाली असेल तर नियम ९०, पण नुसता घोळ दाखवून भागत नाही, त्यामुळे खरंच मोठं नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. आणि जी हरकत जाहीरनामा तयार व्हायच्या आधी घेता आली असती, ती नंतर ऐकली जात नाही. "सरकारी किमतीपेक्षा स्वस्तात गेली" एवढ्या एका वाक्यावर लिलाव रद्द होईल अशी आशा धरू नका.

दावा चालू आहे आणि भाऊ बिल्डरशी व्यवहार करतोय.

मनाई हुकूम मागा, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंदणी नसेल तर घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणायला मोकळा राहतो. वर्तमानपत्रात बिल्डरच्या वकिलाची "हक्क-हरकत" जाहिरात आली असेल तर तिला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, रजिस्टर पोस्टाने. मृत्युपत्राशिवाय वारसाने आलेली जमीन असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वर्ग १ च्या वारसांना प्रथम खरेदीचा हक्क आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शेतजमिनीलाही लागू धरला.

साडेबारा टक्क्यांचा भूखंड वारसांत कसा विकायचा?

१९८४ च्या जासईच्या लढ्याने आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाने, सिडकोसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला हा भूखंड आता नातवंडांत भांडण लावून बसलाय, हे नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावांचं दुखणं. सिडकोचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. त्यामुळे वाटणीत किंवा लिलावात विकला जातो तो भाडेपट्ट्याचा हक्क, आणि हस्तांतराला सिडकोची परवानगी व शुल्क लागतं. वारस म्हणून एखादी आत्या वगळून पात्रता ठरली असेल, तर वाटप व्हायच्या आधी सिडकोकडे लेखी हरकत आणि कोर्टाकडून १८२७ च्या विनियमाखालचा वारस दाखला, हे दोन्ही हवेत. सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार होऊन इमारत उभी राहिली की भांडण जमिनीचं न राहता पैशाचं होतं.

गावठाणातली गरजेपोटीची घरं (कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेली) वेगळी गोष्ट. कागदच अर्धवट असल्याने तिथे लिलावापेक्षा आपसात वाटणी बरी. आणि लक्षात ठेवा, ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा, खारघर-पनवेल-उलवे रायगड. दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात.

रस्त्यासाठी जमीन गेली. मोबदला एकट्या काकाने उचलला तर?

उचलायच्या आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे हिश्श्याच्या वादाची लेखी हरकत द्या. वाद असेल तर रक्कम प्राधिकरणात किंवा कोर्टात जमा होते. उचलली गेली असेल तर काकांवर वसुलीचा दावा, आणि तो पैसा खात्यात असेतोवर.

आम्ही मुस्लिम आहोत / ख्रिस्ती आहोत. हेच लागू?

हिस्से वेगळे. मुंब्रा-भिवंडीच्या मुस्लिम कुटुंबांत मुस्लिम वारसा कायदा, ख्रिस्ती कुटुंबांत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. जन्माने हक्क, कर्ता, कलम २२ हे तिथे नाही. वाटणी कायदा आणि लिलावाची पद्धत मात्र सगळ्यांना तीच.

वारसांत अज्ञान मूल आहे.

वडिलांकडून स्वतंत्रपणे आलेला त्याचा हिस्सा आई जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. तशी विक्री झालीच, तर सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत मूल ती रद्द मागू शकतं. म्हणून परवानगी नसलेल्या व्यवहाराला घेणारेही हात लावत नाहीत.

हे सगळं टाळून घरातल्या घरात बोली लावता येते का?

येते, आणि माझं मत विचाराल तर बहुतेक घरांनी आधी हेच करावं. दोन वेगवेगळ्या मूल्यांकनकारांकडून किंमत काढा, रेडी रेकनरचा (सरकारी) दर बाजूला लिहा, खालची मर्यादा ठरवा. बोली बंद पाकिटात घ्या. समोरासमोर बोली लागली की आकडे अहंकाराने वाढतात आणि महिन्याभरात पैसे उभे राहत नाहीत. जिंकणाऱ्याने किती दिवसांत किती भरायचे, न भरल्यास दुसऱ्या नंबरला जाणार का, राहत्या घरातल्या आजीचं काय, हे आधी लिहा. दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवा. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. दावा नसेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा खरेदीखत. शेतजमीन वाटताना तुकडेबंदीची मर्यादा तलाठ्याकडून आधी तपासून घ्या, नाहीतर वाटणी कागदावर राहते आणि फेरफार होत नाही.

खर्च किती?

कोर्ट फी, वकील, मोजणी, कमिशनर, मूल्यांकन, जाहिरात. आकडा हिश्श्याच्या किमतीवर जातो. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफीची तरतूद आहे. तुमच्या दाव्याला ती बसते का, हे दाखल करतानाच वकिलाला विचारा.

लिलाव झाला, पैसे कोर्टात जमा आहेत. आम्हाला कधी मिळणार?

विक्री कायम झाल्यावर, आणि प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज केल्यावर. ओळखपत्र, बँक तपशील, मयताचा हिस्सा असेल तर त्याचे वारस रेकॉर्डवर. एकाने अपील केलं म्हणून बाकीच्यांचे हिस्सेही अडकू शकतात. तसं दिसलं तर रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी असा अर्ज लगेच द्या. तो कुणी दिला नाही तर पैसे बिनव्याजी पडून राहू शकतात.